चालून दुःख जात नसतं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला 'नोकरी सोडण्यापूर्वी बघायलाच हवेत असे दहा सिनेमे' छापाची यादी पाठवतं. पाठवणारा बहुतेक वेळा नुकताच अप्रेझलमध्ये मार खाऊन आलेला असतो, त्यामुळे मी वाद घालत नाही, 'मस्त' म्हणून मोकळा होतो. यादीतली मंडळी ठरलेली असतात. त्यांच्यात सहाव्या-सातव्या नंबरावर हमखास 'द वे' असतो. खाली एका ओळीत माहिती: मुलाच्या मृत्यूनंतर एक बाप स्पेनमध्ये आठशे किलोमीटर चालतो आणि त्याला स्वतःचा शोध लागतो.

ही ओळ वाचली की माझं डोकं सटकतं. हा सिनेमा मी आतापर्यंत चार वेळा पाहिलाय, आणि त्यात कुणालाही कसलाही शोध लागत नाही.

दुसरीकडे एक वेगळी जमात आहे. त्यांचं म्हणणं, "अरे, दोन तास नुसती माणसं चालतायत. घडत काहीच नाही. स्पेनच्या टुरिझमवाल्यांनी पैसे दिले असणार." या दोन्ही पार्ट्यांशी माझं भांडण आहे, आणि आज शनिवार असल्यामुळे भांडायला वेळही आहे. कथानक सांगणार आहे. सिनेमा २०१० चा आहे, एवढ्या वर्षांनंतर रसभंगाची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

तर टॉम एव्हरी हा कॅलिफोर्नियातल्या व्हेंच्युरा गावचा डोळ्यांचा डॉक्टर. साठी ओलांडलेला, बायको वारलेली, प्रॅक्टिस उत्तम, सुट्टीला मित्रांबरोबर गोल्फ. मुलगा डॅनियल पीएचडी अर्ध्यात टाकून जग बघायला निघालाय, आणि ते बापाला अजिबात पटलेलं नाही. टॉम गोल्फच्या मैदानावर असताना फ्रान्समधून फोन येतो. डॅनियल पिरेनीजच्या डोंगरात वादळात सापडला आणि गेला. तो निघाला होता 'कामिनो दे सांतियागो' चालायला. येशूचा शिष्य सेंट जेम्स याच्या समाधीकडे जाणारी ही मध्ययुगापासूनची ख्रिस्ती पदयात्रा. तिचा सगळ्यात प्रसिद्ध रस्ता फ्रान्सच्या हद्दीतल्या सँ-झाँ-प्ये-द-पोर या गावापासून स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो शहरापर्यंत जातो. साधारण ७८० किलोमीटर, चालायला महिना ते पाच आठवडे. डॅनियल पहिल्याच दिवशी गेला.

बाप मुलाचा देह आणायला जातो. तिथे त्याला काय वाटतं कुणास ठाऊक (सिनेमा सांगत नाही, आणि हेच त्याचं मोठेपण), तो देह घरी न्यायच्या ऐवजी तिथेच दहन करून घेतो, अस्थींचा डबा मुलाच्याच सॅकमध्ये भरतो, ती सॅक पाठीवर टाकतो आणि चालायला लागतो. वाटेत तिघं चिकटतात. योस्ट हा ॲमस्टरडॅमचा अगडबंब डच माणूस, त्याला वजन कमी करायचंय. सारा ही कॅनडाची बाई, तिला सिगरेट सोडायचीय. जॅक हा आयरिश लेखक, त्याचं लिखाण अडलंय. झालं, एवढीच गोष्ट. बाकी रस्ता, धर्मशाळेतल्या बंक बेडची घोरणारी माणसं, वाइन आणि पायाला आलेले फोड.

टॉमचं काम केलंय मार्टिन शीनने. लेखक-दिग्दर्शक एमिलियो एस्तेवेझ हा त्याचा खराखुरा मुलगा, आणि मेलेल्या डॅनियलचं कामही त्यानेच केलंय. शीनचं खरं नाव रामोन एस्तेवेझ. त्याचे वडील फ्रान्सिस्को हे मूळचे गॅलिशियाचे, म्हणजे ज्या प्रांतात सांतियागो आहे तिथलेच, आणि सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय. म्हणजे बघा, एका मुलाने स्वतःच्या मरणाची गोष्ट लिहिली, त्यात आपल्या बापाला रडायला लावलं, आणि तो सगळा प्रकार आजोबांच्या गावाच्या दिशेने चालवत नेला. यादीत टाकणाऱ्यांनी निदान एवढ्यावर तरी अर्धा मिनिट थांबायला हरकत नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. हे चौघं सांतियागोला पोचतात तेव्हा कुणाचं काय झालेलं असतं? योस्टचं वजन काही उतरलेलं नाही, तो नवा सूट शिवायच्या गोष्टी करतो. सारा म्हणाली होती की सांतियागोला पोचले की शेवटची सिगरेट. तिथून पुढे समुद्राकाठी जाऊनही ती ओढतेच आहे, आणि तोपर्यंत आपल्याला कळलेलं असतं की प्रश्न सिगरेटचा कधी नव्हताच. मारकुट्या नवऱ्याच्या भीतीने तिने पोटातली मुलगी पाडली होती. चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणणारा जॅक कॅथीड्रलमध्ये जातो आणि ढसाढसा रडतो. आणि टॉम? त्याचा मुलगा मेलेलाच असतो.

ठरवलेलं एकही काम कुणाचंही झालेलं नाही! शंभर टक्के फेल गेलेला प्रोजेक्ट. आणि याला आपले यादीवाले 'स्वतःचा शोध' म्हणतात. सिनेमा इतक्या सरळपणे सांगतोय की बाबांनो, चालून काही बरं होत नाही, तरी लोक बाहेर पडताना त्यातून 'हीलिंग' घेऊन येतात. हे लोक सिनेमा बघत नाहीत, पार्श्वसंगीत ऐकतात.

(पार्श्वसंगीतावर मी पुढे येणारच आहे.)

मग चालण्याने होतं तरी काय? माझ्या मते एकच गोष्ट होते, आणि ती फार साधी आहे. टॉमला रोज सकाळी उठायला एक कारण मिळतं. आज वीस-पंचवीस किलोमीटर. पिवळा बाण शोधायचा, त्या दिशेला चालायचं. संध्याकाळी गादी मिळवायची, यात्रेच्या पासबुकावर शिक्का मारून घ्यायचा. मधूनच एखाद्या दगडापाशी, क्रुसापाशी थांबून डबा उघडायचा, चिमूटभर राख तिथे ठेवायची, डबा बंद करायचा. दुःख तेवढंच राहतं, पण त्याला रोजचं काम लागतं. एका पुलावर सॅक हातून निसटते आणि नदीत पडते, तेव्हा हा म्हातारा माणूस क्षणाचाही विचार न करता पाण्यात उडी मारतो. गेलेल्या मुलासाठी अजून काहीतरी करता येतंय, वाचवता येतंय, हे त्याला त्या पाण्यात मिळतं. घरी परत जाऊन व्हेंच्युरातल्या एखाद्या छान कबरस्तानात सगळं व्यवस्थित उरकलं असतं तर ते मिळालं नसतं.

आणि गंमत अशी की टॉम जे करतो ते त्याच्या धर्मात बसत नाही. तो जन्माने कॅथलिक, पण चर्च कधीच सुटलेलं. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली तीच मुळात १९६३ साली. २०१६ साली व्हॅटिकनने परत एकदा पत्रक काढून बजावलं की रक्षा विखरायची नाही, वाटून घ्यायची नाही, घरी ठेवायची नाही. पवित्र जागी एकत्र ठेवायची. टॉम पिरेनीजपासून समुद्रापर्यंत ठिकठिकाणी मुलाला ठेवत जातो. कुणी गुरुजी नाही, पोथी नाही, 'आता डावा गुडघा टेका' म्हणणारं कुणी नाही. त्याचा तो विधी त्यानेच चालता चालता बनवलेला आहे.

आपल्याकडे हा विधी तयार मिळायचा. अस्थी गोळा करा, कलश झाडाला टांगा, नाशिकला रामकुंडावर न्या, दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. दहा दिवस सुतक. लोक येणार, पिठलं-भात दुसऱ्याच्या घरून येणार, तुम्ही कोपऱ्यात बसायचं. मी काही फार देवाधर्माचा माणूस नाही. त्या विधींमध्ये काय काय वाईट होतं हेही मला माहीत आहे: मुलीने अग्नी द्यायचा नाही, विधवेने समोर यायचं नाही, आणि गुरुजींच्या दक्षिणेचा हिशोब चितेच्या आधी. हे गेलं ते बरंच झालं. पण त्यात एक गोष्ट होती जिच्यावर कुणी लक्ष दिलं नाही. दहा-तेरा दिवस माणसाला दुसरं काहीही करायची मुभा नव्हती. तो ऑफिसला गेला असता तर लोकांनी शेण घातलं असतं. आपण शहाण्या लोकांनी विधी आटोपशीर केले (हल्ली दहावा ते तेरावा एका दिवसात 'पॅकेज'मध्ये होतो), आणि त्याबरोबर ती मुभाही परत करून टाकली. तिच्या जागी काय आणलं? तीन दिवसांची रजा.

ही रजा कशी असते ते ऐका. आमच्या टीममधल्या एका पोराचे वडील एका मंगळवारी अचानक गेले. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि खरं तर सांगायची गरजही नाही, तुमच्याही कंपनीत हेच असेल. बिरीव्हमेंट लीव्ह तीन दिवस. भारतात खासगी नोकरीत ही रजा द्यायलाच हवी असा सर्वसाधारण कायदा नाही, त्यामुळे तीन हे कंपनीचं औदार्य. बुध, गुरु, शुक्र संपले. मग शनिवार-रविवार 'आहेतच की'. पुढच्या आठवड्यात तो घरून काम करत होता. दहाव्याच्या दिवशी ओंकारेश्वरावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत घरची सगळी मंडळी उभी, आणि याचा फोन वाजतोय. प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं आणि त्या मॉड्यूलची माहिती त्यालाच. त्याने घाटाच्या पायऱ्यांवर बसून कुणाला तरी फोनवर कमांड सांगितल्या. कावळा मधल्या वेळात शिवून गेला, त्याने पाहिला नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने त्याच्या 'कमिटमेंट'चं कौतुक केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझी आजी गेली तेव्हा मला कळलं की आजी 'इमिजिएट फॅमिली'त बसत नाही. आई-वडील, नवरा-बायको, मुलं, एवढंच. मला जिने वाढवलं ती पॉलिसीच्या यादीत नव्हती, म्हणून मी कॅज्युअल टाकली. फॉर्मवर कारण 'पर्सनल'.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच कंपनीत 'वेलनेस वीक' आला. एका गोड बाईंनी आम्हाला स्लाइड दाखवली: दुःखाचे पाच टप्पे. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. अगदी सॉफ्टवेअरच्या रिलीज प्लॅनसारखी बाणांची माळ, शेवटच्या चौकोनाला हिरवा रंग. आता हे पाच टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ साली मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, त्यांच्या मनात काय चालतं ते समजून घेण्यासाठी. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. पण कंपनीला ही माळ आवडते कारण तिला शेवट आहे. हिरव्या चौकोनात पोचलात की तिकीट क्लोज. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ साली रेंगाळलेल्या दुःखाला आजारांच्या यादीत घातलं, त्यावरून बरंच वादंग झालं, पण त्यांनीसुद्धा मोठ्या माणसांसाठी निदान बारा महिने तरी जाऊ द्यावेत अशी अट ठेवलीय. डॉक्टर वर्षभर थांबायला तयार आहेत. एचआर तीन दिवस.

आणि म्हणूनच 'द वे' त्या नोकरी सोडण्याच्या यादीत बघितला की मला राग येतो. जो वेळ नोकरीतच मिळायला हवा होता तो मिळत नाही, मग आपण तो सिनेमात जाऊन शोधतो, आणि तिथे सापडला की त्याला 'स्वातंत्र्य' असं नाव देतो. टॉमने प्रॅक्टिस सोडली नाही हो! त्याने अपॉइंटमेंट पुढे ढकलायला सांगितल्या. त्याला कुणी विचारलं नाही की किती दिवस. तेवढीच चैन आहे त्याची.

इथे कुणीतरी म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार, की महिनाभर चालायची चैन अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरलाच परवडते. ज्याचा हप्ता पाच तारखेला जातो त्याने काय करायचं? मान्य. सिनेमालाही हे ठाऊक आहे. लेओन शहरात टॉम सगळ्यांना एका आलिशान हॉटेलात घेऊन जातो, प्रत्येकाला वेगळी खोली, पांढरे टॉवेल, सगळं त्याच्या पैशाने. आणि मग रात्री एक एक जण काहीतरी निमित्त काढून टॉमच्या खोलीत येऊन बसतो. कुणाला एकट्याला करमत नाही. ज्याने पैसे भरले त्यालाच खोली मिळत नाही, असा तो सीन आहे. बघताना हसू येतं. मला तो पूर्ण सिनेमातला सगळ्यात खरा सीन वाटतो. सुतकाच्या घरात नेमकं हेच असायचं, कुणीतरी सारखं खोलीत बसलेलं.

आणि इथे कुणाही मराठी माणसाला वारी आठवणार. मलाही आठवते. पण आठवली की लगेच आपला हात तिच्यावर फिरवून तीही 'हीलिंग' करून टाकायची, हे करू नका. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघते, आषाढीला पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर. दिंडीतल्या म्हातारीला विचारा की मावशी कशाला चालताय, ती 'स्वतःला शोधायला' म्हणाली तर मी ब्लॉग बंद करेन. ती म्हणेल, सासू चालायची, मग मी चालायला लागले. कामिनो माणूस बहुतेक एकदा करतो आणि प्रमाणपत्र घेतो. वारीत दरवर्षी परत जायचं असतं, शब्दच तसा आहे, आणि प्रमाणपत्र कुणी देत नाही. दिंडीचा नंबर ठरलेला, रांगेतली जागा ठरलेली, वीणा कुणाकडे, पाण्याची कळशी कुणाच्या डोक्यावर हे ठरलेलं. पण त्या रांगेतून कुणीतरी एखाद्या वर्षी कमी झालेलं असतं, आणि बाकीचे त्याच रांगेत, त्याच अंतराने चालत असतात. त्यावर कुणी भाषण करत नाही. मला वाटतं एमिलियो एस्तेवेझला हे दाखवलं असतं तर लगेच कळलं असतं.

आपण पुण्यातले आयटीवाले मात्र आळंदी ते पुणे एवढा एक टप्पा चालतो, कंपनीचा टी-शर्ट घालून, आणि संध्याकाळी फोटो चढवतो. त्यात वाईट काही नाही. पाय दुखतात तेवढे खरेच असतात. पण दुसऱ्या दिवशी कॅबमध्ये बसून 'वारीने मला काय शिकवलं: लीडरशिपचे सात धडे' असं लिहायला घेतलं की गेलं.

कामिनोचंही हेच होत आलंय, आणि त्यात या सिनेमाचा हात आहे हे कबूल केलं पाहिजे. सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयाने २००९ मध्ये सुमारे १ लाख ४६ हजार प्रमाणपत्रं दिली. २०१० हे पवित्र वर्ष होतं (२५ जुलै रविवारी आला की ते पवित्र), तेव्हा २ लाख ७२ हजार. २०२४ मध्ये जवळजवळ ५ लाख. प्रमाणपत्राला पायी शेवटचे १०० किलोमीटर पुरतात, त्यामुळे बरीच गर्दी सारिया या गावापासून चालायला लागते, सामान पुढच्या मुक्कामी टॅक्सीने. सगळा दोष 'द वे'चा नाही. जर्मनीत हापे केर्केलिंग या विनोदी नटाचं कामिनोवरचं पुस्तक २००६ मध्ये आलं आणि अफाट खपलं, तेव्हापासून जर्मन लोकांची रीघ लागलीच होती. पण अमेरिकनांना हा रस्ता टॉमने दाखवला. मुलाची राख घेऊन चालणाऱ्या माणसाचा सिनेमा बघून लोक मुलाशिवाय, राखेशिवाय, सॅकशिवायही निघाले.

आता पार्श्वसंगीत. हा सिनेमा अबोल आहे, आणि नेमकं जिथे तो गप्प बसायला हवा तिथे दिग्दर्शकाचा धीर सुटतो आणि गिटारवालं गाणं सुरू होतं. डोंगर, गाणं. गहू, गाणं. यादीवाल्यांना जे 'हीलिंग' मिळतं ते नव्वद टक्के या गाण्यांतून मिळतं. जॅक हा लेखक असल्यामुळे सगळ्या गोष्टींचा अर्थ मोठ्याने सांगत सुटतो, तो जरा कमी बोलला असता तर बरं. बुर्गोसमध्ये एक जिप्सी पोरगा सॅक पळवतो. त्याचा बाप ती परत आणून देतो, पोराला टॉमची सॅक गावाच्या वेशीपर्यंत वाहायला लावतो. तो बाप छान उभा केलाय, पण 'जिप्सी म्हणजे चोर, आणि आमचा बाप मात्र सज्जन' हा हिशोब जुना आहे. उमेश कुलकर्णीचा 'विहीर' आठवा. दोन भावंडांतला एक जातो, दुसरा त्याला शोधत फिरतो, आणि त्या सिनेमाला आपल्या शांततेची भीती वाटत नाही. 'द वे' तिथवर पोचत नाही.

पण डॅनियल दिसतो ते मात्र बरोबर जमलंय. टॉमला तो अधूनमधून दिसतो. धर्मशाळेत जेवणाच्या टेबलावर, रस्त्याच्या कडेला. बोलत नाही, उपदेश करत नाही, धूर वगैरे काही नाही. जसा माणूस दिसतो तसा दिसतो आणि पुढचा शॉट लागतो. माणूस गेलेल्या घरात राहिलेल्या कुणालाही विचारा, हे असंच होतं. स्वारगेटला, सिग्नलला, पाठमोरं.

सांतियागोत पोचल्यावर कार्यालयात प्रत्येकाला विचारतात की यात्रा का केलीत. टॉमच्या पुढ्यात त्याच्या नावाचं प्रमाणपत्र तयार होतं. तो म्हणतो, यावर माझ्या मुलाचं नाव घाला. ही सिनेमावाल्यांनी केलेली सोय वाटते, पण तशी नाही. गेलेल्या माणसाच्या वतीने चाललात तर त्याचं नाव प्रमाणपत्रावर लॅटिनमध्ये लिहून देण्याची तिथे खरोखर पद्धत आहे. आठशे वर्षांहून जुन्या रस्त्याला एवढी अक्कल आहे की चालणारा एक आणि ज्याच्यासाठी चालला तो दुसरा असू शकतो. आमच्या रजेच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. मी आता टीम सांभाळतो, म्हणून मागच्या तिमाहीत एचआरला मेल टाकला: तीनाचे दहा करा, 'इमिजिएट' हा शब्द काढा, कोण जवळचं ते ज्याचं माणूस गेलं त्याला ठरवू द्या. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे.' मी दर महिन्याला तोच मेल परत फॉरवर्ड करतो. तुम्हीही करा, मसुदा हवा असेल तर देतो.

शेवटाकडे बुर्गोसच्या त्या जिप्सी बापाच्या सांगण्यावरून टॉम सांतियागोच्याही पुढे, मुशिया नावाच्या समुद्राकाठच्या गावी जातो. खडक, लाटा, आणि काठावर एक दगडी चर्च. (सिनेमानंतर, २०१३ च्या ख्रिसमसला वीज पडून ते चर्च आतून जळालं.) डब्यात जे काही उरलंय ते तो तिथे समुद्रात सोडतो. आणि मग एकदम शेवटचा तुकडा: मराकेशचा बाजार, गर्दी, आणि त्यातून सॅक पाठीवर घेऊन चाललेला टॉम.

यादीवाले इथे टाळ्या वाजवतात. बघा, सुटला! मला तो सुटलेला दिसत नाही. सुरुवातीला एक आठवण येऊन गेलेली असते, टॉम मुलाला विमानतळावर सोडायला चाललाय, गाडीत दोघांचं वाजलंय. डॅनियल म्हणतो, तूही चल ना. टॉम म्हणतो, पेशंट आहेत.